पानगळीतली रानशिदोरी

वाचकहो, माघ सरत आला आणि फाल्गुन तोंडावर आला म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले रान पाहावयास फारसे कोणी जात नाही. सागाची पाने झडलेली असतात, पायाखाली पाचोळा करकरतो, नाले आटत चाललेले असतात. शहरातून आलेल्या माणसाला वाटते, या उघड्या रानात आता आहे तरी काय? एक पळस तेवढा फुललेला दिसतो. परंतु पांढरकवड्याच्या किंवा झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावर जाऊन हाच प्रश्न विचारा. तेथली म्हातारी बाई तुमच्याकडे नवलाने पाहील. तिच्या हिशेबी रानाचे कोठार भरण्याचे हेच दिवस आहेत.

या कोठाराचा इतिहास आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. पण माणसे दररोज काय खात होती, दुष्काळात कशावर तगली आणि ते खाणे मिळवण्याचा हक्क त्यांच्याकडून कोणी व कसा काढून घेतला, हाही इतिहासच आहे. शिवाय तो आपल्या गावच्या शिवेवर घडलेला आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तो वर्गात सांगावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

प्रथम या दिवसांत रान काय देते ते पाहू. बोरे आणि येरोण्या संपत आलेल्या असतात. वाळलेली बोरे कुटून केलेले बोरकूट पुढे कित्येक महिने टिकते. आवळ्याचा हंगाम सरतो आणि चिंच, कवठ, बेल यांचा सुरू होतो. गहू-हरभऱ्याच्या शेतात आपोआप उगवलेला चाकवत आणि पाथरी या थंडीच्या भाज्या. पाथरीची कोवळी पाने भाकरीबरोबर कच्चीच खातात. उन्हे तापू लागली की ओलाव्याच्या जागी चिवळ आणि घोळ दिसू लागतात. बिब्याच्या झाडाला काळ्या बीच्या वर नारिंगी, मांसल देठ येतो. त्याला लोक बिब्याचे फूल म्हणतात आणि ते भाजून व वाळवून खातात. बी फोडून आतली गोडंबी काढतात. पण बिब्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात, कातडी जळते. बाजारात गोडंबी विकत घेताना ती फोडणाऱ्या बाईच्या हातांची आठवण आपण ठेवावी, इतके ते काम कष्टाचे आहे. धावड्याचा डिंकही याच सुमारास गोळा होतो. चारोळी आणि टेंभरे मात्र अजून झाडावर हिरवी असतात, त्यांची वेळ चैत्र-वैशाखातली.

आणि अळंबी? आमच्या भागात तिला कोठे टेकोडे म्हणतात, कोठे सात्या. पुष्कळांचा असा समज असतो की रानात गेले की अळंबी मिळतेच. तसे नाही. खाण्याची अळंबी ही पावसाळ्याची लेक आहे. श्रावण-भाद्रपदात वारुळाच्या आसपास ती उगवते, कारण वाळवीच जमिनीखाली तिची जणू शेती करीत असते. फाल्गुनाच्या कोरड्या रानात ती शोधू नये. वाळक्या ओंडक्यावर या दिवसांत जी कठीण, लाकडासारखी बुरशी दिसते, ती खाण्याची नव्हे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण पुढे येईल.

या सगळ्यांत राजा म्हणजे मोह. संस्कृतात मधूक, हिंदीत महुआ आणि पैनगंगेपलीकडच्या तेलुगूत इप्प. फाल्गुनात त्याची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. रात्री फूल उमलते आणि पहाटे गळून पडते. पाकळ्या मांसल असतात, रसाने भरलेल्या. हे फूल झाडावरून तोडावे लागत नाही. ते स्वतःच खाली येते. फळ धरणारा भाग मात्र झाडावरच राहतो. म्हणून कितीही फुले वेचली तरी झाडाचे काही बिघडत नाही, आणि ज्येष्ठाच्या सुमारास त्याच फांदीवर टोळी म्हणजे मोहाची फळे धरतात. त्या टोळीच्या बियांचे तेल निघते. एकाच झाडापासून आधी फूल, मग तेल. पहिला पाऊस पडेपर्यंत झाड देतच असते.

पहाटे अंधार असतानाच बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ऊन वर चढले की फूल मलूल होते, आणि गुरे व रानातली जनावरेही त्यावर टपलेली असतात. आणलेले फूल अंगणात वाळत घालतात. वाळून तपकिरी, मनुक्यासारखे झाले की कणगीत किंवा मडक्यात भरून ठेवतात. या वाळलेल्या फुलात वजनाच्या सुमारे निम्मा, कधी त्याहूनही अधिक भाग साखरेचा असतो. म्हणजे अंगाला बळ देणारे हे खाणे खरे, पण डाळीतले सत्त्व त्यात फारसे नाही. ते कळत असल्यासारखे जुने लोक ते एकटे खात नसत. तीळ घालून लाडू, ज्वारीच्या पिठात मिसळून रोट, किंवा दुसऱ्या कशाबरोबर शिजवून ते खाल्ले जाई. आपण शहाणी माणसे मोह म्हटले की फक्त दारू ओळखतो. ज्या घरांत हे फूल पिढ्यान् पिढ्या अन्न म्हणून साठवले गेले, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

आता तुम्ही विचाराल, हे साठवणे फाल्गुन-चैत्रातच का? निसर्ग त्या वेळी देतो हे एक कारण. दुसरे कारण आपल्या शेतीच्या गणितात आहे. वऱ्हाडातली मजुरी मुख्यतः कापसाची. शेवटची वेचणी झाली की माघानंतर शेतमजुराच्या हाताला काम उरत नाही. घरात ज्वारी असते, पण ती आषाढापर्यंत पुरेल याची खात्री नसते. भुकेचे खरे दिवस पेरणीच्या वेळचे. नवे धान्य दूर, जुने संपलेले आणि रानातली वाट चिखलाने बंद. तेव्हा फाल्गुनात वेचलेले फूल आषाढात ताटात येते. रानातला हा पसारा अशा रीतीने पुढच्या तीन-चार महिन्यांची तजवीज आहे. म्हणूनच गोंड आणि कोलाम यांच्यात नव्या हंगामाचे फूल किंवा फळ आधी देवाला वाहून मगच तोंडी लावण्याची रीत आहे. रीत म्हणून आपण ती पाहतो. पण तीत एक शिस्तही आहे. सगळ्यांनी एकदम, वेळेवर आणि पिकल्यावर घ्यावयाचे, कच्चे ओरबाडावयाचे नाही.

येथे जिल्ह्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. पूर्वेला वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा. मधे काळ्या कापसाच्या जमिनीचे पट्टे आणि त्यांना लागून डोंगराळ, सागाचे रान. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे सांगितली आहेत त्यांत कळंब आणि माहूर ही नावे येतात, आणि यवतमाळ तेथे यवत-लोहारा या परगण्याच्या नावाने भेटते. यवत हा गाव, आणि महालाचा ‘माळ’ झाला असे म्हणतात. इंग्रजी अमदानीत बराच काळ हा जिल्हा वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. गोंड, कोलाम, परधान, पुसद-उमरखेडकडचे आंध आणि तांड्यावरचे बंजारा असे अनेक समाज येथे शेजारी राहतात. कोलामी भाषा द्राविडी कुळातली. मरे एमेनो या भाषापंडिताने तिच्यावर १९५५ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही कोलामांवर लेख आहे. शासनाने ज्या जमातींना विशेष दुर्बल मानले, त्यांत महाराष्ट्रातल्या तीन येतात: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कागदोपत्री मालकी निजामाची, कारभार मात्र इंग्रजांचा, असा हा विचित्र संसार होता. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने पक्का झाला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मधल्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. कापसाचा भाव चढला आणि पडीक जमिनी नांगराखाली येऊ लागल्या. ज्या पडिकात गुरे चरत आणि बाया बोरे-भाजी वेचीत, तेच पहिल्याने गेले. कापूस विकून ज्याच्या हाती पैसा आला तो दुकानातून धान्य घेऊ शकत होता. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याचे पडीकही गेले आणि पैसाही आला नाही.

दुसऱ्या बाजूने सरकारी जंगलखाते उभे राहिले. १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे त्यासाठी १८८६ साली वेगळा वऱ्हाड जंगल कायदा करण्यात आला. जंगलाच्या तीन प्रती ठरल्या. इमारती लाकडाचे व जळणाचे राखीव रान पहिल्या प्रतीत, गवताचे रमणे आणि बाभुळबने दुसऱ्या प्रतीत आणि चराईचे रान तिसऱ्यात. या वाटणीत सरकारने पाहिले ते मुख्यतः लाकूड, गवत आणि चराईचा कर. कंद, फूल, फळ आणि भाजी यांना ‘किरकोळ उत्पन्न’ हे नाव मिळाले. ज्यावर एखाद्या पोडाचे चार महिने निघत, ते सरकारी वहीत किरकोळ ठरले. शब्द लहान असतो, पण तो कायद्यात गेला म्हणजे त्याचे वजन फार होते.

एवढे असूनही संकटाच्या वेळी सरकारला या किरकोळ मालाची आठवण होई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले. दुसऱ्याने तर वऱ्हाडासारख्या खात्रीच्या पावसाच्या मुलखालाही सोडले नाही. अशा वेळी मध्यप्रांताच्या दुष्काळ-व्यवस्थेत खाण्याजोगा रानमाल लोकांना फुकट नेऊ द्यावा, जंगले त्यासाठी खुली करावीत, असे धोरण होते. मोहाचा बहर कसा आला आहे याची चौकशी अधिकारी करीत, कारण बहर चांगला असेल तर गरिबांचे काही आठवडे निभतात हे त्यांना ठाऊक होते. जॉर्ज वॅट याने १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातल्या उपयुक्त वस्तूंचा जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यातही मोहाची सविस्तर नोंद आहे. पण यातला विरोध लक्षात घ्या. दुष्काळात जे रान मेहेरबानीने खुले होई, ते सुकाळात पुन्हा बंद होई. ज्याला हक्क म्हणतात तो असा सालोसाल बदलत नसतो.

फाल्गुनात अन्न देणाऱ्या या झाडावर अबकारी खात्याचीही नजर होती. मुंबई इलाख्यात १८९२ साली केवळ मोहाच्या फुलांसाठी एक कायदा झाला. फुले घरी भरू दिली तर घरी दारू गाळली जाईल आणि सरकारी दारूच्या उत्पन्नाला खोट येईल, ही त्यामागची चिंता. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या केली. तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. साधी पाने, फुले, फळे, मध हे जंगलातून आणले असेल तरच वनोपज होते. मोहाची फुले आणि मोहाच्या बिया मात्र जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच! म्हणजे स्वतःच्या धुऱ्यावरच्या, आजोबाने राखलेल्या झाडाचे फूलही कायद्याच्या दृष्टीने जंगलाचा माल. शिक्षकबंधूंनी नागरिकशास्त्र शिकवताना ही व्याख्या मुलांना जरूर वाचून दाखवावी. कायद्यातला एक अर्धा वाक्यखंड घराघरातल्या कणगीपर्यंत कसा पोहोचतो, हे त्यावरून कळेल.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. पण सगळीकडे तशा विहिरी कोठून असणार? मग वऱ्हाडाने आपले मीठ रानात शोधले. जंगलचा कायदा हाच येथल्या शेतकऱ्याला रोज बोचणारा कायदा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात शिरून गवत कापले आणि त्यांना अटक झाली. बापूजी मूळचे वणीचे, यवतमाळचे नामांकित वकील. त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या सत्याग्रहात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनाही कारावास झाला. मूठभर गवतासाठी एवढी माणसे तुरुंगात का गेली असे कोणी विचारील. गवत हे निमित्त होते. रान कोणाचे, हा प्रश्न होता.

पण एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. या सत्याग्रहाचे पुढारी बहुधा गावातले आणि शहरातले होते. त्यांनी कापले ते गुरांचे गवत. पोडावरच्या बाईचा मोह, कंद आणि डिंक हा प्रश्न त्या वेळी पुढे आलाच नाही. स्वराज्य आले तरी तो तसाच राहिला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला. फुले साठवावीत किती, न्यावीत कोठे, विकावीत कोणाला, या प्रत्येक गोष्टीला परवाना लागे. परवाना व्यापाऱ्याला मिळे. वेचणाऱ्याला तो कचेरीत जाऊन मिळवणे अवघड. म्हणून वेचणारा आपले फूल चैत्रातच, पडेल त्या भावात व्यापाऱ्याला देई आणि आषाढात तेच चढ्या भावाने परत घेई. भुकेसाठी वेचलेल्या फुलाने कर्ज वाढावे, असा हा उलटा व्यवहार कित्येक वर्षे चालला.

हळूहळू कायद्याने आपली पावले मागे घेतली. १९९६ साली अनुसूचित क्षेत्रांसाठी पेसा कायदा झाला आणि गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य झाली. १९९७ साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्या जिल्ह्यातली मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्याचे नियम २००८ च्या आरंभी आले. परंपरेने गोळा केलेला गौण वनोपज वेचणे, वापरणे आणि विकणे हा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कंदमुळे, मध, डिंक, औषधी वनस्पती हे सगळे त्यात धरले आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ पासून १२९ वर्षे कोठल्या ना कोठल्या कायद्याच्या संशयात असलेले एक फूल अखेर त्यातून सुटले.

मग आता सारे ठीक झाले काय? तसे म्हणता येत नाही. हक्क हाती आला तेव्हा ज्ञान हातातून निसटू लागले आहे. याची काही लक्षणे सांगतो.

पहिले लक्षण चारोळीचे. चारोळीला बाजारात भाव फार. त्यामुळे ‘मी थांबलो तर दुसरा नेईल’ या भीतीने ती पिकण्याआधीच ओरबाडली जाते, कधी फांदीसकट. जुन्या रीतीत नव्याची पूजा होईपर्यंत थांबण्याचा नेम होता. तो नेम सैल झाला आणि त्याच्या जागी नवा नियम बसला नाही. ग्रामसभेला आता अधिकार आहे, तेव्हा हा नियम तिनेच घालावयास हवा.

दुसरे लक्षण आगीचे. मोहाखालचा पाचोळा झाडून घेण्याऐवजी तो पेटवून देणे सोपे असते, काळ्या जमिनीवर फूल दिसतेही चटकन. पण फाल्गुनातला पाचोळा एका झाडाखाली थांबत नाही. रोपे जळतात, आणि उद्याचा मोह आजच्या मोहापायी नाहीसा होतो. खराटा किंवा झाडाखाली अंथरलेले जुने लुगडे एवढ्याने हे काम भागते.

तिसरी गोष्ट वाघाची. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर ठेवला गेला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला ठार करण्यात आले. टिपेश्वरच्या अभयारण्याभोवतालच्या गावांना ते दिवस विसरणे शक्य नाही. पहाटेच्या अंधारात, वाकून, एकटीने मोह वेचणारी बाई जनावराला माणूस म्हणून ओळखू येत नाही, असे जाणते लोक सांगतात. अस्वलालाही मोह आवडतो. तेव्हा घोळक्याने जावे, बोलत जावे आणि चांगले उजाडल्यावर जावे. दोन टोपल्या कमी भरल्या तरी चालतील.

चौथी गोष्ट शेताची. पाथरी आणि चाकवत ही शेतातली भाजी. पण ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे तेथली भाजी खाणे धोक्याचे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ते विष पिकावर पडते तसे धुऱ्यावरच्या भाजीवरही पडते. आजीने ज्या शेतातून भाजी आणली तेच शेत आज सुरक्षित असेलच असे नाही. भाजी ओळखण्याबरोबर शेतमालकाला विचारणे हेही आता ज्ञानाचाच भाग झाले आहे.

आणि पाचवी गोष्ट ओळखीची. रानात खाण्याजोगे जसे आहे तसे मारणारेही आहे. कडूकंद घ्या. तो कच्चा खाल्ला तर विषारी. चकत्या करून, राखेत शिजवून, वाहत्या पाण्यात धुऊन त्याचा कडूपणा आणि विष काढावे लागते. ही रीत पुस्तक पाहून जमत नाही, हाताखाली शिकावी लागते. अळंबीचे तर विचारूच नका. विषारी अळंबी दिसावयास खाण्याच्या अळंबीसारखीच असू शकते, आणि तिचे विष शिजवल्याने जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते का, किंवा किड्याने खाल्ली आहे का, असल्या परीक्षांवर विश्वास ठेवू नये. ज्याने ती अळंबी त्याच जागची वर्षानुवर्षे खाल्ली आहे, अशा जाणत्याने स्वतः हातात धरून सांगितल्याशिवाय ती चुलीवर चढवू नये. शंका आली तर टाकून द्यावी. एका वेळची भाजी गेली म्हणून कोणी मेले नाही.

२०२० पासून राज्याचा कृषी विभाग ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. फार चांगली गोष्ट आहे. तरोटा, केना, आंबाडी यांची नावे शहरातल्या मुलांच्या कानांवर पडतात. पण तो उत्सव पावसाळ्याचा. त्यामुळे रानचे अन्न म्हणजे पावसाळी भाजी असा समज होऊ लागला आहे. माघ-फाल्गुनाच्या रानाला तसा उत्सव नाही. हिरवे काही नसते, ताटात मांडून दाखवण्यासारखे फारसे काही नसते. वाळत घातलेले तपकिरी फूल कोणाच्या नजरेत भरणार? तरी संकटाच्या वेळी माणसे जगली ती या वाळवलेल्या, साठवलेल्या, तपकिरी अन्नावर, हा इतिहास आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक काम सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. शाळेत एक वही घाला. मुलांना सांगा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या महिन्यात रानातून काय येते ते लिहून आणा. प्रत्येक वस्तूपुढे तिचे मराठी नाव, कोलामी किंवा गोंडी नाव, तांड्यावरचे नाव. कोणता महिना, झाडाचा कोणता भाग, कसा शिजवावयाचा, कशाशी त्याची गल्लत होते आणि ती गल्लत झाली तर काय होते. सांगणाऱ्या आजी-आजोबांचे नाव त्यांना विचारून लिहा. जो वर्गात एरवी गप्प बसतो, ज्याला गणित येत नाही म्हणून आपण रागावतो, त्या पोडावरच्या मुलाकडे त्या दिवशी सगळ्यांत जास्त लिहिण्यासारखे असेल. वर्गाने त्याच्याकडून ऐकावे. मात्र एक नियम कडक पाळा: वहीत लिहिलेले म्हणून कोणी काही तोंडात घालावयाचे नाही. वही ही आठवण ठेवण्यासाठी आहे, चव घेण्यासाठी नाही.

गावकऱ्यांसाठीही एक गोष्ट. आपल्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा झाला आहे का, मंजूर झाला आहे का, त्यात कोणकोणता वनोपज लिहिला आहे, हे ग्रामसभेत विचारा. वही त्या कामालाही येईल. परंपरेने आम्ही हे गोळा करीत आलो, असे म्हणताना म्हाताऱ्या माणसांचे सांगणे पुरावा म्हणून कायद्याला चालते. ज्या गावाला आपले रान काय काय देते हे सांगता येते, त्यालाच ते मागताही येते.

सरकारी वह्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे या सगळ्याला किरकोळ म्हटले. कोणती गोष्ट किरकोळ आणि कोणती मोठी, हे ठरवण्याची पाळी आता ग्रामसभेवर आणि शाळेवर आली आहे. या फाल्गुनात मोह गळू लागेल तेव्हा सकाळी चांगले उजाडल्यावर, कोणा जाणत्याबरोबर, मुलांना एकदा झाडाखाली घेऊन जा. खाली पडलेले फूल हातात द्या आणि १९२७ च्या कायद्यातली ती व्याख्या वाचून दाखवा. इतिहासाचा एवढा धडा त्यांना पुरे होईल.